फोटोच्या पाठीवर काय लिहिले आहे?

इंग्लंडमध्ये जुन्या छायाचित्रांवरून गेली काही वर्षे एक वाद रंगला आहे, आणि तो अक्षरशः रंगाचाच वाद आहे. यॉर्कशरसारख्या काउंटीतील (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा तिकडचा विभाग) शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कृष्णधवल छायाचित्रांमध्ये संगणकाकडून रंग भरून घ्यावेत, चेहरे अधिक रेखीव करून घ्यावेत की नाही, हा त्याचा विषय. रंगवणारे म्हणतात की करड्या छटांमुळे त्या काळची माणसे परक्या ग्रहावरची वाटतात आणि रंग आले की ती आपल्या शेजारची होतात. विरोध करणारे इतिहासकार आणि संग्रहपाल म्हणतात की मूळ छायाचित्र हा पुरावा आहे आणि पुराव्याला हात लावणे म्हणजे खाडाखोड. दोन्ही पक्ष तावातावाने बोलतात, दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, आणि तरीही हा सगळा प्रकार मला आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशा थाटाचा वाटतो. दोघेही छायाचित्राच्या दर्शनी बाजूवर भांडत आहेत. स्थानिक इतिहासाच्या दृष्टीने त्या कागदाची किंमत बहुतांशी त्याच्या पाठीवर ठरते: कोण, कुठे, केव्हा, कोणी काढले, कशासाठी काढले. ही नोंद असेल तर रंग भरल्याने फारसे बिघडत नाही. ती नसेल तर मूळ प्रत कितीही जपली तरी तिच्यातून इतिहास फार थोडा हाती लागतो. म्हणून रंग भरण्यावर बंदी असावी असे माझे म्हणणे नाही. पैसा, वेळ आणि लोकांचा उत्साह आधी नोंदींकडे वळला पाहिजे, एवढेच म्हणणे आहे.

यॉर्कशरच्या ईशान्य किनाऱ्यावर व्हिटबी नावाचे बंदर आहे. तेथे फ्रँक मेडो सटक्लिफ (१८५३–१९४१) या व्यावसायिक छायाचित्रकाराने कोळी, त्यांच्या बायका, नावा आणि गल्ल्या यांची शेकडो छायाचित्रे काढली. त्यांपैकी एकात दाढीवाला एक माणूस आहे. डोक्यावर मागे लांबलेली पावसाळी टोपी, अंगावर जाड कपडे, आणि त्यांवर छातीभोवती व कमरेभोवती ओळीने शिवलेले बुचाच्या लाकडाचे ठोकळे. नोंद बाजूला ठेवली तर हा ‘एक जुना दर्यावर्दी’ आहे, भेटकार्डावर छापायला छान. आता नोंद वाचा. हा हेन्री फ्रीमन. ९ फेब्रुवारी १८६१ रोजी व्हिटबीसमोर भयंकर वादळ उठले. बुडत्या जहाजांवरील खलाशांना सोडवण्यासाठी जीवरक्षक नाव दिवसभरात पुन्हापुन्हा समुद्रात गेली, आणि शेवटच्या खेपेला धक्क्यावर जमलेल्या लोकांच्या डोळ्यांदेखत उलटली. नावेतील तेरा जणांपैकी बारा बुडाले. वाचला तो फ्रीमन, कारण नव्या पद्धतीचे बुचाचे जाकीट त्याच्या अंगात होते. एवढे कळल्यावर छायाचित्रातील ठोकळे पोशाखाचा भाग राहत नाहीत, ते एका माणसाच्या जिवंत राहण्याचे कारण होतात. आणि आणखी एक गोष्ट उमगते: सटक्लिफ १८६१ साली सात-आठ वर्षांचा होता. म्हणजे हे चित्र त्या दिवसाचे असूच शकत नाही. आपण का वाचलो ते ठाऊक असलेला माणूस पुष्कळ वर्षांनी तेच जाकीट चढवून कॅमेऱ्यासमोर आला आहे. यांतले काय रंगाने कळले असते? आणि नुसती मूळ प्रत जपून तरी काय कळले असते?

रंगवणाऱ्यांची बाजू आधी नीट मांडली पाहिजे, कारण विरोधक ती मुद्दाम दुबळी करून मांडतात. छायाचित्रात रंग भरणे हा संगणकाच्या युगात सुरू झालेला भ्रष्टाचार नव्हे. व्हिक्टोरिया राणीच्या काळात स्टुडिओमध्ये ब्रशाने गालांवर गुलाबी आणि दागिन्यांवर सोनेरी रंग चढवणारे कारागीर असत, आणि गिऱ्हाईक त्याचे वेगळे पैसे मोजत असे. शिवाय ज्या मुलाने इतिहासाकडे कधी ढुंकूनही पाहिले नसते तो रंगीत चित्रामुळे अर्धा मिनिट थांबत असेल, तर त्या अर्ध्या मिनिटाला नाक मुरडण्यात अर्थ नाही. हे सगळे मान्य. अडचण पुढे आहे. तेव्हाच्या काचेच्या प्लेटवरचा रासायनिक लेप आपल्या डोळ्यांसारखा पाहत नसे. निळ्या आणि जांभळ्या प्रकाशाला तो अतिशय संवेदनशील, तांबड्याला जवळजवळ आंधळा. त्यामुळे निळे आकाश पांढरेफटक उमटे, तांबड्या विटांची भिंत काळवंडे, गालावरचे तांबूस ठिपके डागांसारखे ठळक होत. सर्व रंगांना जागी असलेली प्लेट इंग्लंडमध्ये बाजारात आली ती १९०६ साली, सरे काउंटीतील क्रॉयडनच्या एका कारखान्यातून. आता यॉर्कशरच्या कोळ्यांचा ठरलेला पोशाख पाहा: घट्ट विणीचा गडद निळा लोकरी स्वेटर, ज्याला तिकडे ‘गॅन्झी’ म्हणतात. जुन्या प्लेटवर हा गडद निळा होता त्याहून फिका पडण्याचा संभव. संगणकाला हे ठाऊक नसते. तो करड्या छटेवरून सरासरीने अंदाज बांधतो आणि स्वेटर राखाडी किंवा तपकिरी करून टाकतो. गॅन्झी निळी असे हे आपल्याला कशावरून कळते? संग्रहालयांत राहिलेल्या प्रत्यक्ष गॅन्झींवरून आणि लोकांनी करून ठेवलेल्या वर्णनांवरून, म्हणजे पुन्हा लिहिलेल्या आणि जपलेल्या नोंदींवरून. चांगला रंगही नोंदीवाचून भरता येत नाही, हे रंगवणाऱ्यांनीच सर्वांत आधी मान्य करायला हवे.

आता दुसरा पक्ष. ‘मूळ छायाचित्र म्हणजे निर्भेळ पुरावा’ हे वाक्य भारदस्त आहे, पण ते खरे आहे का? सुरुवातीच्या काळात झाकण उघडल्यावर प्रकाश इतका वेळ आत घ्यावा लागे की रस्त्यावरून चालणारी माणसे प्लेटवर उमटतच नसत. भर बाजाराच्या दिवशी काढलेला चौक निर्मनुष्य दिसतो, आणि पाहणारा म्हणतो, किती शांत होते हो तेव्हा सगळे! सटक्लिफचे कोळी भिंतीला टेकून सहज गप्पा मारताना दिसतात, पण तसे ‘सहज’ दिसण्यासाठी त्यांना उभे करावे लागे आणि स्तब्ध ठेवावे लागे. पांढऱ्याफटक आकाशाच्या जागी दुसऱ्या निगेटिव्हवरचे ढग जोडणे ही तर धंद्यातली नेहमीची रीत होती. आपल्याकडेही हेच झाले. १८६०च्या दशकात मुंबईतील निरनिराळ्या समाजांच्या छायाचित्रांचे दोन खंड काढणाऱ्या विल्यम जॉन्सनने माणसांची चित्रे एका निगेटिव्हवरून घेतली आणि मागचे देखावे दुसऱ्या निगेटिव्हवरून आणून जोडले. ती पाने मुंबईच्या लोकजीवनाचा अस्सल पुरावा म्हणून वर्षानुवर्षे दाखवली गेली आहेत. तेव्हा खाडाखोड संगणकाने सुरू केली असे म्हणणाऱ्याने आधी हे सांगावे की कोणती मूळ प्रत त्याला अभिप्रेत आहे.

या अस्सलपणाच्या भक्तीची परिसीमा यॉर्कशरमध्येच गाठली गेली होती. ब्रॅडफर्डजवळच्या कॉटिंग्ली गावात १९१७ साली सोळा वर्षांची एल्सी राइट आणि तिची नऊ वर्षांची मावसबहीण फ्रान्सिस ग्रिफिथ्स यांनी ओढ्याकाठी पऱ्यांचे फोटो काढले. पुढे ते शेरलॉक होम्सचा जनक आर्थर कॉनन डॉयल याच्या हाती पडले आणि १९२०च्या डिसेंबरात त्याने ते ‘स्ट्रँड’ मासिकात छापले. त्याआधी निगेटिव्ह तज्ज्ञाला दाखवण्यात आली होती. त्याने निर्वाळा दिला की प्लेटमध्ये काही गडबड नाही, एकदाच प्रकाश घेतलेली ही स्वच्छ निगेटिव्ह आहे. त्याचे म्हणणे खरेही होते! पऱ्या पुस्तकातील चित्रांवरून काढलेल्या, कागदाच्या कापलेल्या, हॅटला लावायच्या टाचण्यांनी गवतात उभ्या केलेल्या होत्या, आणि कॅमेऱ्याने त्या प्रामाणिकपणे टिपल्या होत्या. दोघी बहिणींनी कबुली दिली ती १९८३ साली, आजी झाल्यावर. प्लेट अस्सल आहे का, हा प्रश्न सगळ्यांनी विचारला. प्लेटसमोर काय होते, कोणी ठेवले आणि का, हा प्रश्न थोड्यांनीच रेटला. आजचे शुद्धतावादी नेमकी तीच चूक अधिक सुसंस्कृत रीतीने करत आहेत असे मला वाटते.

‘का काढले’ हा प्रश्न किती दूर नेतो याचे उदाहरण इंग्लंडच्या मध्यभागातील वॉरिकशरमध्ये सापडते. १८९० साली तेथे सबंध काउंटीची छायाचित्रपाहणी सुरू झाली, आणि तिच्यातूनच पुढे १८९७ साली बर्मिंगहॅमचा खासदार सर बेंजामिन स्टोन याने राष्ट्रीय छायाचित्र-नोंदणीची संस्था उभी केली. या हौशी मंडळींबद्दल मला मनापासून आदर आहे. चांदीच्या क्षारांवर छापलेली प्रत पिवळी पडते म्हणून टिकाऊ प्लॅटिनम किंवा कार्बन पद्धतीचा आग्रह त्यांनी धरला, आणि प्रत्येक छायाचित्राला स्थळ-काळाची नोंद जोडण्यावर भर दिला. आपल्यानंतर शंभर वर्षांनी कोणीतरी हे पाहणार आहे, अशी जाणीव ठेवून काम करणारे लोक कोणत्याही काळात कमीच. पण त्यांनी पाहिले काय? चर्च, लाकडी चौकटींची जुनी घरे, थडगी, गावोगावच्या जत्रा आणि चालीरीती. जुने इंग्लंड हातचे निसटत आहे या हळहळीने ते हिंडत होते, आणि ज्या बर्मिंगहॅममधून ते निघत त्या शहरातील कारखाने आणि दाटीवाटीची चाळवजा घरे त्यांच्या चौकटीत अभावानेच आली. त्या गल्ल्यांची छायाचित्रे वेगळ्याच हातांनी काढली: नगरपालिकेच्या सुधारणा योजनेत, १८७०च्या दशकात, पाडायच्या रस्त्यांची नोंद म्हणून. एकाने जपण्यासाठी काढले, दुसऱ्याने पाडण्याआधी. दोन्ही गठ्ठे शेजारी ठेवून नुसते पाहणाऱ्याला वाटेल की खेड्यात सुख होते आणि शहरात घाण. खेड्यातील शेतमजुराची भूक आणि शहरातील कारागिराची ऐट या दोन्ही गोष्टी तेव्हा कोणाच्याच कामाच्या नव्हत्या, म्हणून त्या दिसत नाहीत.

येथे एक अवघड माणूस आडवा येतो, आणि मला तो टाळता येत नाही. आर्थर मन्बी, यॉर्कचा, जन्म १८२८. लंडनमध्ये सरकारी नोकरी करणारा, कविता लिहिणारा. अंगमेहनतीची कामे करणाऱ्या बायकांचे त्याला विलक्षण वेड होते, आणि हे वेड निखळ समाजशास्त्रीय होते असे कोणी म्हणणार नाही. तो लँकेशरच्या विगनला जाई आणि कोळशाच्या खाणींच्या तोंडावर काम करणाऱ्या पोरींचे फोटो स्थानिक स्टुडिओत काढवून घेई. यॉर्कशरच्या फायली गावी तो पुन्हापुन्हा गेला. तेथील कोळिणी ओहोटीच्या वेळी, प्रसंगी दोराला धरून उंच कड्यावरून खाली उतरत आणि खडकांना घट्ट चिकटलेले, टोपीसारख्या कवचाचे शंख खरवडून काढत. गळांना आमिष म्हणून ते लागत. या शंखांना तिकडे ‘फ्लिदर’ म्हणतात. मन्बीने या बायकांचे फोटो जमवले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांच्याशी बोलून नाव काय, काम काय, मजुरी काय हे रोजनिशीत टिपले. तो सगळा संग्रह आज केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे. आता गंमत पाहा. सटक्लिफची कलादृष्टी मन्बीला नव्हती, स्टोनची प्रतिष्ठा नव्हती, हेतू तर संशयास्पदच. पण खांद्यावर टोपली घेतलेली ती बाई कोण, हे आज कोणी सांगू शकत असेल तर ते बहुधा त्याच्या टिपणांमुळे. त्याच काळात त्याच किनाऱ्यावर काढलेल्या कितीतरी अधिक देखण्या छायाचित्रांखाली फक्त ‘कोळीण’ एवढेच लिहिलेले आहे.

माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत बळकट आक्षेप असा की नोंदीसुद्धा खोटे बोलतात. अगदी बरोबर. गॅन्झीचेच घ्या. प्रत्येक गावाची वीण वेगळी असे आणि बुडालेल्या माणसाचे प्रेत किनाऱ्याला लागले की विणीवरून त्याचे गाव ओळखत, अशी एक हृदयद्रावक कथा किनाऱ्यावरच्या कितीतरी छायाचित्रांना चिकटलेली असते. या कथेला समकालीन पुरावा फारसा नाही. विणी एका गावातून दुसऱ्या गावात सर्रास जात, कारण लग्न होऊन बायका जात आणि हेरिंग माशांच्या हंगामात मजुरीसाठी पोरी बंदरोबंदर फिरत. नोंदीतील भूगोलही फसवा असतो. १९७४ साली इंग्लंडच्या काउंट्यांच्या सीमा बदलल्या, यॉर्कशरचे तीन जुने विभाग प्रशासनातून गेले, बर्मिंगहॅम आणि कॉव्हेन्ट्री वॉरिकशरमधून निघाली, रटलंडसारखी चिमुकली काउंटी काही काळ नकाशावरून पुसलीच गेली. जुन्या छायाचित्रावरची काउंटी आणि आजच्या सूचीतील काउंटी यांचा मेळ बसवता बसवता ग्रंथपालांना घाम फुटतो. पण चुकीच्या नोंदीत आणि चुकीच्या रंगात एक मूलभूत फरक आहे. नोंद हे विधान असते, तिला ‘कशावरून?’ असे विचारता येते, ती खोडता येते, खाली दुसऱ्याने दुरुस्ती लिहिता येते. वीण आणि प्रेताची कथा खोटी ठरली ती अशा प्रश्नांमुळेच. संगणकाने स्वेटर तपकिरी केला तर ते विधान आहे हेसुद्धा पाहणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. प्रतिवाद करायचा कोणाशी?

दुसरा आक्षेप व्यवहारी लोकांचा आहे: नोंदी मागाहून करू, आधी सगळे स्कॅन करून सुरक्षित करू. याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, हे कबूल करतो. १ ऑगस्ट १९९४ रोजी नॉरफोकमधील नॉरिच शहराचे मध्यवर्ती ग्रंथालय जळाले आणि एक लाखाहून अधिक पुस्तके गेली. ती आग आठवली की कुठलाही शहाणा माणूस म्हणेल, आधी प्रत काढा. काढाच. फक्त दोन्ही बाजूंची काढा. स्कॅनरवर छायाचित्र तोंड खाली करून ठेवले जाते, पाठीवरची शिसपेन्सिलीतील अक्षरे वर छताकडे पाहत राहतात आणि मग प्रत पाकिटात जाते, हे दृश्य मी स्वतः पाहिले आहे. ते इंग्लंडात पाहिले की आपल्याकडे, याने फरक पडत नाही. याउलट त्याच नॉरिचमध्ये जॉर्ज प्लंकेट नावाच्या गृहस्थाने १९३१ पासून साध्या कॅमेऱ्याने आपल्या शहराच्या गल्ल्या टिपायला सुरुवात केली होती. एप्रिल १९४२ मध्ये जर्मन विमानांनी नॉरिचवर बॉम्ब टाकले. त्यात गेलेल्या इमारती आज डोळ्यांपुढे उभ्या करता येतात त्याला त्याची छायाचित्रे कारण आहेत, आणि ती उपयोगी पडतात कारण प्रत्येकाला रस्ता आणि तारीख जोडलेली आहे. पुढे कित्येक ठिकाणी त्याने पुन्हा त्याच जागी उभे राहून नंतरचे चित्रही काढले. कला म्हणून ती चित्रे साधीच आहेत. रंगवण्याजोगे त्यांत काही नाही, आणि रंगवण्याची गरजही कधी कोणाला भासलेली नाही.

छायाचित्राचा जन्मच मुळी नोंदीसह झाला, हे या वादात कोणी का आठवत नाही याचे मला आश्चर्य वाटते. विल्टशर काउंटीतील लॅकॉक ॲबी या आपल्या वाड्यात ऑगस्ट १८३५ मध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बटने जाळीदार खिडकीचे एक चित्र घेतले. कॅमेऱ्यातून घेतलेली आणि आजवर टिकलेली ती सर्वांत जुनी निगेटिव्ह. आकार साधारण टपालाच्या तिकिटाएवढा. टॅल्बटने ती एका कागदावर डकवली आणि शेजारी शाईने लिहून ठेवले की चित्र नवे असताना भिंगाखाली खिडकीची सुमारे दोनशे तावदाने मोजता येत असत. चित्र आता जांभळट धूसर झाले आहे आणि त्यातली तावदाने मोजणे कोणाच्याच्याने होणार नाही. दोनशेचा आकडा आजही स्वच्छ वाचता येतो.

आमच्या घरी एक पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यातील निम्म्या फोटोंमधली माणसे कोण, हे सांगणारी आत्या गेली त्या दिवशी ते फोटो इतरांच्या दृष्टीने ‘जुने फोटो’ झाले. काउंटीच्या पातळीवर हेच रोज घडते आहे. रंग आज भरला काय आणि तीस वर्षांनी भरला काय, बहुधा तेव्हा तो अधिक चांगलाच भरला जाईल. नावांचे तसे नाही. १९५५ साली व्हिटबीच्या किंवा फायलीच्या एखाद्या शाळेच्या सामूहिक छायाचित्रात बसलेली दहा वर्षांची मुलगी आज ऐंशीच्या घरात आहे. तिच्यासमोर रंगवलेली प्रत ठेवली तर ती ‘छान’ म्हणेल आणि परत देईल. काम करायचे असेल तर मूळ प्रत, एक मऊ पेन्सिल आणि एक कोरा कागद घेऊन तिच्याशेजारी बसावे, आणि विचारावे: बाई, दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरा, हा अनवाणी मुलगा कोण?